सिमेंटच्या अंगणावरील शेवाळ व बुरशी : कारणे, निवारण आणि विवेक

पावसाळ्याची तयारी म्हटली की आपण धान्याचे व्यापारी ताडपत्र्या, बारदान, पोत्यांखालच्या फळ्या आणि छपराचे पत्रे यांचा विचार करतो. वखारीबाहेरच्या सिमेंटच्या अंगणाकडे, माल चढविण्या-उतरविण्याच्या धक्क्याकडे आणि कुंपणाच्या भिंतीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आषाढात ही अंगणे हिरवी होतात, श्रावणात काळवंडतात, भाद्रपदात कोणीतरी घसरून पडतो, आणि मग दुकानातील पोरगा घाईघाईने ब्लीचिंग पावडरचे पुडके घेऊन येतो. अंगण पांढरे होते; पुढील आषाढात पुन्हा हिरवे होते. घरोघरी गच्चीची, जिन्याची व मोरीलगतच्या ओट्याची हीच अवस्था असते, आणि तेथे घसरण्याची पाळी बहुधा वृद्ध माणसांवर येते. हा प्रकार नेमका काय आहे, तो सिमेंटवरच का माजतो, आणि श्रावकाने त्याचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ओळख पटवून घेतली पाहिजे; कारण अंगणावरचा प्रत्येक डाग शेवाळाचा नसतो. ओला, हिरवा व बुळबुळीत थर हे शेवाळ होय. काळा, डांबर सांडल्यासारखा दिसणारा थर हा पुष्कळदा नील-हरित जातीच्या सूक्ष्म जीवांचा व काळ्या बुरशीचा एकत्र संसार असतो. उन्हाळ्यात तो वाळून खपलीसारखा चिकटून बसतो आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा जिवंत होतो. फटींतून मखमलीसारखी हिरवी गादी उगवते ती हरिता. राखी रंगाचे वाटोळे ठिपके हे शेवाळ व बुरशी यांच्या सहजीवनाने झालेले दगडफूल. मसाल्याच्या दुकानात आपण जे दगडफूल विकतो त्याचेच हे भाऊबंद. ही सर्व मंडळी सजीव आहेत. परंतु भिंतीच्या पायथ्याशी जो पांढरा, पिठासारखा थर येतो तो लोणा होय. सिमेंटमधील व मातीतील क्षार पाण्याबरोबर वर येऊन पाणी सुकल्यावर मागे राहतात, तो हा थर. त्यावर औषध ओतणे व्यर्थ आहे. कोरड्या खराट्याने तो झटकावा आणि ओल कोठून येते ते शोधावे. ट्रकच्या धुराची काजळी व लोखंडाचा तांबेरा हेही बुरशी समजून धुतले जातात. काळ्या डागाविषयी शंका असल्यास त्यावर ब्लीचच्या निवळीचा एक थेंब टाकून दोन मिनिटे पाहावे. डाग फिकट झाला तर तो सजीवांचा. जसाच्या तसा राहिला तर काजळीचा.

आता सिमेंटवरच हे का माजते ते पाहू. आमच्या बेळगावकडे पूर्वी अंगण मुरमाचे वा शेणाने सारवलेले असे, श्रीमंताघरी शहाबादी फरशीचे, आणि भिंत जांभ्याची. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागले, आणि पुढे ते खेडोपाडी पोहोचले. नवे काँक्रीट अतिशय क्षारयुक्त असते. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो आणि तेवढ्या तिखट क्षारात शेवाळ तग धरू शकत नाही. म्हणूनच नवा कोबा पहिली काही वर्षे स्वच्छ दिसतो व गवंड्याची कीर्ती होते. पुढे हवेतील कर्बवायू आणि पावसाचे पाणी पृष्ठभागातील चुन्याशी संयोग पावत राहतात, वरच्या पातळ थराची क्षारता उतरत जाऊन सामू नऊपर्यंत वा त्याहूनही खाली येतो, आणि मग बी रुजण्यास जागा मोकळी होते. शिवाय काँक्रीट दिसते दगडासारखे, पण आतून असते स्पंजासारखे. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी शिरून राहते. शेवाळाला सिमेंट खावयाचे नसते. त्याला हवी असते ओल, थोडा उजेड आणि धूळ.

ओल म्हणजे पावसाचे प्रमाण नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. आंबोलीच्या घाटात आमच्यापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो. तथापि बेळगावची झड आठ-आठ दिवस उघडत नाही, सूर्यदर्शन होत नाही, आणि सरी मोठ्या नसल्या तरी कोबा सुकावयास सवड म्हणून मिळत नाही. जमीन किती तास ओली राहते यावर शेवाळाचे जमाखर्च चालते. एकाच अंगणात उत्तरेच्या भिंतीची सावली पडते तेथे हिरवे आणि चार हातांवर ऊन येते तेथे स्वच्छ, हा अनुभव सर्वांचा आहे.

आपल्या व्यवसायात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. धक्क्यावर पोती आपटली जातात, चाळणी होते, गाड्या झाडल्या जातात. कोंडा, फोल, डाळीचे पीठ व माती यांचा थर कोब्याच्या छिद्रांत बसतो. कापडाच्या दुकानापुढील अंगण आणि धान्याच्या वखारीपुढील अंगण यांत बुरशीच्या दृष्टीने उपाशी व जेवलेल्या माणसाइतका फरक असतो. पिठाचा हा पुरवठा वैशाखातच बंद केला, म्हणजे धक्का कोरड्या खराट्याने नीट झाडून फटींतील कोंडा टोकराने काढून टाकला, तर पुढचे पुष्कळ काम हलके होते. त्या वेळी सर्व कोरडे असते, उगवलेले काहीच नसते, आणि झाडण्यात जीवघातही अत्यल्प.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शेवाळ काढावे की नाही, याविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, घाण आहे, ॲसिड ओता आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, अनंत जीवांची काया आहे, हात लावू नका. मी शास्त्री नव्हे; तरी जे वाचले व गुरुजनांकडून ऐकले ते असे. वट्टकेर आचार्यांच्या मूलाचारात वनस्पतिकायाचे प्रकार सांगताना शैवाल, पणक, कवक व कुहण यांची स्वतंत्र नावे येतात. इरियावहियाच्या पाठात ‘पणग’ म्हणून ज्याचा उल्लेख आपल्या श्वेतांबर बंधूंच्या नित्य परिचयाचा आहे, तेच हे. त्यांच्या बोलण्यात त्याला लीलफूल वा निगोद म्हणतात. ही साधारण वनस्पती, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. आधुनिक शास्त्र बुरशीला वनस्पतीत गणत नाही, तिचा वर्ग निराळा मानते. परंतु ती सजीव आहे आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य घटकांची मिळून आहे, याविषयी दोन्हीकडे दुमत नाही. मुनिमहाराज चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात व हिरवळीवरून जात नाहीत, चातुर्मासात विहार थांबवितात, त्यामागे हाच विचार आहे.

श्रावकाची स्थिती निराळी. त्याने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावयाची. आरंभी व उद्योगी हिंसा गृहस्थाश्रमात व व्यापारात सुटत नाही, ती जितकी कमी होईल तितकी करावयाची. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन जो हमाल ओल्या धक्क्यावरून दिवसात शेकडो वेळा ये-जा करतो, त्याची वाट निर्धोक ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका वखारीच्या धक्क्यावर असाच एक हमाल पोत्यासकट पडला; मांडीचे हाड मोडले, आणि त्यानंतर त्याला पाठीवर ओझे घेता आले नाही. शेवाळ राखले म्हणून दया घडली असे त्या वखारीविषयी कोणाला म्हणता येईल काय? पंचेंद्रिय मनुष्याच्या देहाची हानी होऊ देऊन एकेंद्रियाची रक्षा करण्यास आपल्या शास्त्राने सांगितलेले नाही.

परंतु याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत प्रमादचर्या हा एक. विनाकारण भूमी खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हे त्यात मोडते. पन्हळ फुटली आहे, पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी कोसळते आहे, ती पन्हळ दुरुस्त करावयास गवंडी-पत्रेवाला बोलावण्याचा आळस, आणि म्हणून दर श्रावणात त्या जागी अनंत जीव उपजू द्यावयाचे व दर भाद्रपदात ते ब्लीचने मारावयाचे, ही हिंसा मला आरंभी वाटत नाही. ती प्रमादाची आहे. हमालाच्या वाटेवरचे शेवाळ काढणे आवश्यक असेल. पण ते तेथे उगवले यात आवश्यक असे काहीच नव्हते. काही मंदिरांत व उपाश्रयांत ज्येष्ठ संपण्यापूर्वीच भिंतींना चुना देतात, जाण्यायेण्याच्या वाटेवर डांबराचा पट्टा ओढतात, म्हणजे जीवोत्पत्तीच होऊ नये. वडीलधाऱ्यांची ही रीत आहे, आणि स्थापत्याच्या दृष्टीनेही तीच बरोबर आहे.

तेव्हा खरे काम पाण्याचे. ते वैशाख-ज्येष्ठात करावयाचे असते, आणि त्यासाठी वळवाच्या पावसासारखा दुसरा इंजिनियर नाही. तो फुकट येतो व खरे बोलतो. वळवाची मोठी सर येऊन गेल्यावर दोन तासांनी अंगणात फेरी मारावी. जेथे पाणी साचून राहिले असेल तेथे कोळशाने वा खडूने कडा आखून ठेवावी. जेथे भिंतीवरून ओघळ आला असेल तेथे वर पाहावे. आषाढातील शेवाळाचा नकाशा तुम्हांला वैशाखातच मिळतो.

उतार पुरेसा आहे की नाही हे पाहावे. उघड्या अंगणाला साठास एक या प्रमाणात उतार असावा, म्हणजे दहा फुटांस दोन इंच. पुष्कळ गवंडी अंगण डोळ्यांना सपाट दिसावे म्हणून इतका उतार देत नाहीत. मालकालाही तो खटकतो. परंतु सपाट अंगण म्हणजे उथळ तळे. खोलगट जागा भरताना केवळ वरून सिमेंटचा हात फिरविला तर तो पापुद्रा वर्षभरात सुटतो, त्याच्याखाली पाणी शिरते आणि पूर्वीपेक्षा वाईट स्थिती होते. जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत करावा, धूळ काढावी, ओला करावा, सिमेंटची राड लावून मगच नवा थर द्यावा, आणि तो किमान सात दिवस ओला ठेवावा. वळवानंतर मृगापर्यंत एवढा अवकाश बहुधा मिळतो.

त्यानंतर पागोळ्या. अंगणातील हिरवा पट्टा अनेकदा दोरी धरल्यासारखा सरळ असतो. वर पाहिले तर तो बरोबर पत्र्याच्या कडेखाली असतो. तेथे पन्हळ बसवून पाणी नळाने थेट गटारात सोडले की पट्टा आपोआप नाहीसा होतो. पन्हळ असेल तर ती पानांनी व धान्याच्या भुशाने तुंबलेली नाही ना, हे मृगापूर्वी शिडी लावून पाहावे. पाखरे वखारीच्या पत्र्यावर दाणे नेतात, ते पन्हळीत रुजतात आणि पन्हळीत ज्वारीचे रोप डोलते. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कुंपणाच्या भिंतीचा माथा सपाट असेल तर पाणी दोन्ही अंगांनी ओघळून भिंत काळी होते. माथ्याला एकीकडे उतार द्यावा, माथ्याची फरशी भिंतीच्या दोन बोटे बाहेर काढावी आणि तिच्या खालच्या अंगाने बोटभर खाच पाडावी; पाणी त्या खाचेशी येऊन खाली गळते, भिंतीला शिवत नाही.

भिंतीला टेकून ठेवलेले जुने बारदान, रिकामी पिंपे, मोडक्या फळ्या यांच्यामागे वारा खेळत नाही, त्या हलवाव्यात. झाडाची सावली पडते म्हणून झाड तोडणारे लोक असतात. एका हिरव्यापायी दुसरे हिरवे मारण्याचा हा व्यवहार समजत नाही. अंगणावर टेकलेल्या फांद्या बांधून वर घेता येतात, कुंड्या सरकविता येतात. एवढ्याने पुष्कळदा भागते.

एवढे करूनही काही जागी शेवाळ येईलच, विशेषतः उत्तरेच्या अंगाला. तेव्हा पहिला विवेक हा की, सगळे अंगण धुवावयाचे नाही. माणसे चालतात ती वाट, धक्का, जिना व पाण्याच्या टाकीभोवतीची जागा तेवढी धरावी. बाकीचे तसेच राहू द्यावे. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की ते स्वतःच वाळते, आणि कार्तिक-मार्गशीर्षात नारळाच्या खराट्याने झाडले की खपलीसारखे निघते. त्या वेळी औषधाची गरज फारशी पडत नाही. वाळलेले खरवडताना नाकातोंडास फडके बांधावे, कारण बुरशीची भुकटी दम्याच्या माणसास त्रास देते.

वाटेवरचे शेवाळ भर पावसाळ्यात काढणे भाग पडले तर उघडीप पाहावी. एक दिवस ऊन मिळाले तर थर सैल होतो. तो प्रथम लाकडी पट्टीने वा काथ्याच्या ब्रशाने खरवडून गोळा करावा व कोणाच्या पायांखाली येणार नाही अशा मातीत टाकावा. पुष्कळ लोक हे न करता थेट औषध ओततात. थर जितका जाड तितका क्लोरीन त्यातच खर्च होतो आणि खालपर्यंत पोहोचत नाही. मग दुप्पट ओतावे लागते. आधी खरवडले तर औषध बरेच कमी लागते. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुटलेले बारीक तुकडे कोब्यात अडकतात व पुढे तांबेऱ्याचे डाग पडतात. खरवडल्यानंतर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून घासले तर कोवळे शेवाळ तेवढ्यावरच जाते, आणि क्लोरीनची आवश्यकता राहत नाही. सोडा क्षारयुक्त असल्यामुळे सिमेंटला बाधत नाही. उकळते पाणी ओतल्यानेही शेवाळ मरते. त्यात रसायन नाही म्हणून काहींना ते सौम्य वाटते, पण अग्निकाय व जलकाय यांचा हिशेब धरला तर ते सौम्य ठरत नाही.

काळा थर मात्र सोड्याला दाद देत नाही. त्यासाठी ब्लीचिंग पावडरचे प्रमाण असे : चांगल्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन सुमारे तेहतीस टक्के असतो. दहा लिटर गाळलेल्या पाण्यात दीडशे ग्रॅम पावडर मिसळली की अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते, आणि एवढे पुरे. प्लॅस्टिकच्या बादलीत ढवळून अर्धा तास स्थिर ठेवावे व वरची निवळी तेवढी घ्यावी. तळाचा गाळ चुन्याचा असतो, तो अंगणावर पांढरे डाग पाडतो. धातूची बादली घेऊ नये. कोबा प्रथम साध्या पाण्याने ओला करावा, म्हणजे तो निवळी शोषून घेणार नाही. काम सकाळी वा ढगाळ वेळी करावे. कडक उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो. निवळी पसरल्यावर दहा-पंधरा मिनिटे जागा ओली राहू द्यावी, घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. डाग पहिल्याच वेळी पूर्ण गेला नाही तर निवळी तिखट करू नये; जीव गेलेला असतो, राहिलेला रंग ऊन-पावसाने काही आठवड्यांत फिकट होतो. पातळ ब्लीच बाटलीत मिळते त्यात क्लोरीन बहुधा चार ते सहा टक्के असतो. त्याच्या एका भागास दहा भाग पाणी हे वरच्याच बळाचे द्रावण झाले.

हे काम करणाऱ्या माणसास रबरी हातमोजे, डोळ्यांस चष्मा व पायांत गमबूट मालकाने द्यावेत. मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये. धुतलेले पाणी विहिरीत, ओढ्यात वा माशांच्या तळ्यात जाऊ नये. क्लोरीन माशांस फार घातक आहे, आणि शेवाळ काढता काढता मासे मारणे म्हणजे पाप कमी करण्याऐवजी वाढविणे होय. शेजारच्या झाडांची माती आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावी.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो व तो फुप्फुसे जाळतो. संडास धुण्याच्या अनेक द्रवांत ॲसिडच असते, हे घरातील भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. अमोनिया असलेल्या पदार्थांशीही ब्लीचचे वैर आहे; ज्यांच्याकडे खतांचा साठा असतो त्यांनी पावडर तेथून दूर ठेवावी. तेलाच्या चिंध्या, गूळ, साखर, कागद यांच्याशी कडक ब्लीचिंग पावडरचा संबंध आला तर आगही लागू शकते. धान्याच्या वखारीत तर ती ठेवूच नये; तिच्या वाफेने तागाची पोती व सुतळी कुजते, आणि दमट हवेत पावडरीचे बळही जाते. हवी तेवढी आणावी व त्याच दिवशी संपवावी.

बाजारात जे इतर उपाय सांगितले जातात त्यांविषयी थोडक्यात. ॲसिडने कोबा क्षणात पांढरा होतो, कारण शेवाळाबरोबर सिमेंटचा वरचा थरही विरघळतो; वाळू उघडी पडते, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पुढील वर्षी शेवाळाला दुप्पट पाय रोवावयास मिळतात. शिरका हे सौम्य ॲसिडच. जाडे मीठ पसरणारे काही व्यापारी आहेत. मिठाचे क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरून आतील लोखंडी सळ्या गंजवितात. ब्लीचनंतर भरपूर पाण्याने धुवावे असे वर सांगितले त्याचेही हे एक कारण. मोरचुदाने शेवाळ मरते, पण ते विषारी आहे, जमिनीवर निळे-हिरवे डाग पाडते, आणि धान्याजवळ त्याला स्थान नाही. भाड्याने मिळणारे जोराच्या फवाऱ्याचे यंत्र सोयीचे असते. परंतु त्याची टोकदार धार जवळून मारली तर तीही सिमेंटचा साका उडवून देते. पंख्यासारखी रुंद धार, एका फुटाचे अंतर व मंद दाब एवढे पाळावे.

भिंतींना चुन्याची सफेदी हा जुना उपाय आजही स्वस्त आणि चांगला आहे. ताज्या चुन्याचा सामू बाराच्या वर असतो, म्हणजे नव्या काँक्रीटची क्षारता आपण भिंतीला पुन्हा बहाल करतो. एखादा पावसाळा ती टिकते. चालण्याच्या जागी सफेदीचा उपयोग नाही, ती पायांबरोबर निघून जाते. कोब्यावर चकचकीत रंग देणे हे तर सर्वांत वाईट. खालून येणारी ओल त्याला फुगविते, पापुद्रे सुटतात, आणि ओला झाला की तो शेवाळापेक्षाही निसरडा होतो. त्यापेक्षा काँक्रीटच्या छिद्रांत मुरणारी, पाणी दूर ठेवणारी पण वाफ अडवीत नाहीत अशी सिलेन-सिलोक्सेन जातीची द्रव्ये मिळतात. ती पौष-माघात, कोबा पूर्ण सुकलेला असताना लावावीत. तत्पूर्वी तडे भरलेले असावेत. तडा उघडा ठेवून वरून द्रव्य लावणे म्हणजे पोत्याचे तोंड उघडे ठेवून बुड शिवणे.

नवा धक्का बांधावयाचा असेल तर गवंड्याला घोटून चकचकीत करू देऊ नये. थर बसत असतानाच त्यावर खराट्याच्या हलक्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पायाला पकड मिळते. खडबडीत पृष्ठभागावर शेवाळ थोडे अधिक धरते, हे खरे. परंतु चालण्याची जागा खडबडीत व भिंत गुळगुळीत, असाच निवाडा मी करीन.

अंगणातले शेवाळ पोत्यात शिरत नाही. धान्याची बुरशी निराळ्या जातीची असते. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमूग पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष त्याला कारण ठरले. ते विष अफ्लाटॉक्सिन. ती बुरशी धक्क्यावरून आत चालत येत नाही. परंतु दोघींना बोलावणारी ओल पुष्कळदा एकच असते. ज्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला शेवाळाचा हिरवा पट्टा आहे, तिच्या आतल्या अंगाला कोणती थप्पी लागली आहे हे जरूर पाहावे. जमिनीतून ओल वर येते की नाही हे तपासावयाचे असल्यास दीड फूट चौरसाचा प्लॅस्टिकचा जाड तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावे. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला दव जमले असेल वा कोबा काळसर झाला असेल, तर तेथे थप्पी लावण्यापूर्वी लाकडी तराफे घालावेत व भिंतीपासून दोन-अडीच फूट जागा मोकळी सोडावी. ही तपासणी मृगापूर्वी एकदा आणि झड लागून आठवडा झाल्यावर एकदा, अशी दोन वेळा करावी. उन्हाळ्यात कोरडा निघालेला कोबा श्रावणात वेगळा जबाब देतो.